खाबुऱ्याचं गाऱ्हाणं

माझ्या आज्याला जर्मननं मारलं, असं मी साठी उलटेपर्यंत सगळ्यांना सांगत आलो. गावात सांगितलं, मुंबईत सांगितलं, मस्कतला आल्यावर मत्रहच्या बाजारात एका गुजराती शेठचे दरवाजे बसवत होतो तेव्हा त्या शेठलाही सांगितलं. कुणी उलट विचारलं नाही. मी आवाज चढवून बोलतो, त्यामुळे मला सहसा कुणी उलट विचारत नाही. विचारलं ते खाबुऱ्याच्या साइटवरच्या इंजिनियर साहेबानं, २०१४ सालच्या उन्हाळ्यात.

मी शटरिंगचा मिस्त्री. शाळा चौथीपर्यंत, तीसुद्धा शेरडं सांभाळून उरलेल्या वेळात. पण माझ्या फळ्यांवर ओतलेल्या स्लॅबला कुठं पोट आलं, असं ओमानात कुणी मला दाखवून द्यावं. खाबुऱ्याला, मस्कतच्या वरच्या अंगाला समुद्रकाठी, आमची कंपनी शाळेची इमारत बांधत होती. उन्हाळ्यात तिथं भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्यानं बंदी असते. तेव्हा ऊन उतरेपर्यंत आम्ही पत्र्याच्या शेडखाली आडवे पडायचो. साहेब नागपूरकडचा, बौद्ध, वयानं माझ्या मुलाएवढा. मला काका म्हणायचा आणि पेपर वाचून दाखवायचा, कारण माझं वाचणं म्हणजे चिखलातून चालण्यासारखं, एकेक पाय उपसून पुढं टाकायचा. त्या दुपारी पेपरात होतं की युरोपातल्या मोठ्या लढाईला शंभर वर्षं झाली.

मी म्हटलं, "माझा आजा त्या लढाईत गेला. जर्मननं मारला."

"कुठं गेले होते, काका?"

"बसऱ्याला."

साहेबानं पेपर खाली केला. "बसऱ्याला जर्मन कुठून आले? तिथं तर तुर्क होते."

"जर्मन होते."

"अहो काका, तुर्कांचंच राज्य होतं तिथं."

"साहेब, आजा तुमचा की माझा?"

शेडखाली सगळे हसले. साहेबही हसला, पण त्यानं सोडलं नाही. त्यानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. मला समजलं ते असं. ऑस्ट्रिया म्हणून एक मोठं राज्य होतं. त्याच्या युवराजाला एका पोरानं रस्त्यात गोळी घातली. पोरगा सर्बियाच्या बाजूचा, म्हणून ऑस्ट्रिया सर्बियावर उठला. सर्बिया एवढासा, पण त्याच्या पाठीशी रशिया. ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी. रशियाची फ्रान्सशी सोयरीक. जर्मनला फ्रान्सवर जायचं तर मधल्या बेल्जियममधून वाट, आणि बेल्जियमला कुणी हात लावायचा नाही असा शब्द इंग्रजानं देऊन ठेवलेला. इंग्रज उठला म्हणजे आपण उठलो, कारण आपण त्याच्या दावणीला. तुर्क गेला जर्मनच्या बाजूला. आणि तुर्काच्या हातात बसरा.

"एकानं दुसऱ्याला शब्द दिला होता, दुसऱ्यानं तिसऱ्याला," साहेब म्हणाला. "भांडण दोघांचं होतं. शब्दापायी सगळे गेले."

"पण त्या तुर्कांचं माझ्या आज्यानं काय घोडं मारलं होतं?"

"काहीच नाही. तुर्कांनी तरी तुमच्या आज्याचं नाव कुठं ऐकलं होतं?" त्यानं पेपरची घडी केली. "आमच्याही पणज्याला घेतलं होतं फौजेत, काका. त्याआधी आमच्या लोकांची भरती बंद केली होती. लढाई पेटली तसे आम्ही चाललो. लढाई संपली तसं परत घरी पाठवलं."

मी हट्टानं म्हटलं, "शब्द दिला तर पाळायला नको? शब्दाशिवाय माणूस उभा राहतो काय?"

साहेबानं समोरच्या स्लॅबखालचे माझे लोखंडी टेकू दाखवले. "हे तुम्ही आडवे पाइप घालून एकमेकांना बांधलेत. कशासाठी?"

"एक हलला तर बाकीच्यांनी धरायला."

"आणि एक फारच जोरात निसटला तर?"

सोहारच्या एका साइटवर मी ते डोळ्यानं बघितलं होतं. बांधलेला ताफा खाली येतो तेव्हा एकेक येत नाही.

उठता उठता साहेब सहज बोलून गेला, "काका, तुमच्या आज्याची बोट ह्याच समुद्रातून गेली असणार. मुंबईहून बसऱ्याला जायचं तर हाच किनारा डाव्या हाताला ठेवून जायचं."

तुर्क की जर्मन, हे मी दोन दिवसांत विसरलो असतो. हे वाक्य मात्र डोक्यात जाऊन बसलं.

आज्याचा फोटो आमच्या घरात नव्हता. सरकारी कागद आला होता, त्यात मेला असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. माझा बाप तेव्हा आईच्या पोटात. आजीनं कुंकू पुसलं नाही. रिवाजाप्रमाणं बारा वर्षं वाट बघितली आणि मग दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी दिला. तो दिला माझ्या बापानं, आपला बाप कधी न बघितलेल्या पोरानं. बाप सांगायचा, "गवताला जळायला कितीसा वेळ? बघता बघता संपलं. लोक म्हणाले, आता रड. आता रड म्हटल्यावर कसं रडायचं ते मला कळेना."

शुक्रवारी सुट्टी असायची. सकाळी मी मासे घ्यायला किनाऱ्यावर जायचो. खाबुऱ्याचे कोळी पिकअप थेट वाळूत घालतात आणि गाडीनं जाळं ओढतात. आधी मी ते बघत उभा राहायचो. त्या दुपारनंतर मात्र मला समुद्राकडं पाठ करून उभं राहायची सवय लागली. पाठ केली तरी कळायचं. लांबून एक बोट चाललीय, कठड्याला टेकून माणसं उभी आहेत आणि ती आमच्या किनाऱ्याकडं बघतायत. किनाऱ्यावर खजुराची रांग आहे. इतक्या लांबून खजूर नि माड सारखेच दिसतात. बोटीतल्या एकाला वाटतंय की ते माडच आहेत, आपलाच मुलूख आला. तो शेजारच्याला कोपरानं ढोसून दाखवतोय. मग बोट पुढं जाते.

मी भुताखेताला भिणारा माणूस नाही. पण मासळीची पिशवी घेऊन परत येताना मी वाटेत मागं वळून बघायचो, हे खरं.

आता आम्ही राहायचो त्या कॅम्पाचं सांगतो. खाबुऱ्याच्या कॅम्पात चार चुली होत्या. एक आमची, कोकणातल्यांची, तीसेक माणसांची. एक घाटावरच्यांची, सातारा-सांगलीकडच्या सळई बांधणाऱ्यांची. तिसरी प्लास्टरवाल्या यूपीकरांची, चौथी मल्याळी इलेक्ट्रिशियनांची. ह्यांत यूपीवाले शाकाहारी, आमच्या माशांच्या वासानं नाक मुरडणारे, पण ते आमच्या बाजूचे. मल्याळी आमच्यासारखेच मासेखाऊ, ते घाटावरच्यांच्या बाजूचे. कारण विचाराल तर यूपीवाल्यांची डिशची वायर आमच्या छपरावरून गेली होती, आणि मल्याळ्यांचा नि घाटावरच्यांचा गॅस एका खोलीत होता. एवढ्यावर बाजू ठरल्या.

कॅम्प नवा असताना गोड्या पाण्याच्या टँकरवरून आमच्यातल्या एकाला घाटावरच्यांचा मार पडला होता. त्या वर्षी गणपतीत मी गाऱ्हाणं घातलं. गावात आमच्या घराकडं गाऱ्हाण्याचा मान आहे, आणि परमुलखात वयानं मीच मोठा. मीच प्लायवूडचं मखर केलं होतं. नारळ हातात धरला आणि खड्या आवाजात म्हटलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या परक्या मुलखात तुजी लेकरं एका ठायी उभी हायत. ह्यांच्यातल्या एकाच्या अंगावर कुणी हात टाकलान, तर तो सगळ्यांच्या अंगावर पडला असं समजून सगळी उठतील. जो मागं सरंल, त्याला तू बघून घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. पत्र्याची खोली दणाणली.

पलीकडच्यांनी ते ऐकलं. दसऱ्याला त्यांनी भंडारा उचलून तशीच आण घेतली. त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, पण कुणी कुणाला नखानं खरवडलं नाही. बोट लावलं तर सगळं अंगावर येईल, हे दोन्हीकडं माहीत. शांतता माझ्या गाऱ्हाण्यानं आली, असं मी मानायचो आणि बोलूनही दाखवायचो. साहेबाला त्या शेडखाली मी तेच ऐकवलं होतं. तो म्हणाला, "काका, त्या राजांनाही पुष्कळ वर्षं असंच वाटत होतं." मला राग आला होता.

माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा, आमच्या चुलीवर होता. टाइल बसवायचा. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, अंगात रग फार. व्हिसा काढून त्याला मीच आणला होता. आणताना बहिणीनं मला ओवाळलं आणि म्हणाली, "दादा, तुज्या जिवावर धाडतंय हां." मी म्हटलं होतं, "माझ्या जिवावरच धाड."

त्याच साली नवरात्रात अष्टमी शुक्रवारी की कशी आली, ते आता नीट आठवत नाही, पण सुट्टी होती आणि घाटावरच्यांचे उपास चालू होते एवढं पक्कं. त्यांच्यात एक फिटर होता. माझ्याबरोबर रमी खेळायचा, मला मिस्त्री म्हणायचा. नऊ दिवस अनवाणी, उभं नवरात्र धरलेलं, पोटात फक्त पाणी नि खजूर. त्यांचे घट खोलीत बसवलेले आणि घटाचं पाणी टाकीच्या नळावरून भरायचे. आमच्या बाजूचा नळ त्या दिवशी कोरडा. भाचा टोपभर बांगडे घेऊन टाकीच्या नळावर साफ करायला बसला.

मी ओट्यावर दाढी करत होतो. सगळं माझ्यासमोर झालं.

फिटर कळशी घेऊन आला. "ए, पाणी भरायच्या जागंवर घाण करू नगंस."

"घाण कुणाला म्हणतोस? दसरा सरला की वाटी घेऊन तूच येशील."

"आज अष्टमी हाय."

"मग बस की देवीफुडं. हितं काय करतोस?"

फिटरनं लाथेनं टोप उडवला. बांगडे वाळूत गेले. भाच्याच्या मुठीत माशाची आतडी होती, ती त्यानं फिटरच्या तोंडावर मारली. उपाशी, व्रतातल्या माणसाच्या तोंडावर. फिटरनं त्याच्या कानाखाली वाजवली. लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं. एवढंच झालं.

एवढंच झालं, पण दुपारच्या जेवणापर्यंत कॅम्पातला आवाज बदलला. आमच्या पोरांनी साइटवरून लाकडाच्या तीन-तीन फुटी पट्ट्या आणून दारामागं उभ्या केल्या. मारायला नाही म्हणाले, असू देत म्हणाले. पलीकडच्यांनी ते खिडकीतून बघितलं आणि सळईचे तुकडे आणले. ते आमच्यांनी बघितलं आणि आणखी पट्ट्या आणल्या. मल्याळ्यांनी गॅसच्या खोलीला कुलूप लावलं. यूपीवाल्यांचा म्होरक्या आमच्या दारात येऊन उभा राहिला, हातात थापी. "चाचा, हम आपके साथ हैं। पर ये झगड़ा किस बात का है?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

ओमानात मारामारीचा कायदा सोपा आहे. पोलीस आले की कोण बरोबर, कोण चूक, हे नंतर. आधी सगळे आत, मग सगळे घरी, आणि पुन्हा ह्या मुलखात पाऊल नाही. आमच्या तीस माणसांमागं गावाकडं तीस चुली होत्या. डोकं फुटून कुणी मेलं तर तो हिशेब वेगळाच. पलीकडून कुणी दोन शब्द बोलायला आलं असतं तर मी पुढं झालो असतो. पण आलं नाही कुणी. मी आधी जायला हवं होतं, असं आता लोक मला शिकवतात. ते तिथं नव्हते. आपल्या माणसाला मार पडल्यावर आपण त्यांच्या दारात जायचं, हे आमच्यात होत नाही.

भाचा आत आला. ओठ सुजलेला. मी खाटेवर बसलो होतो. तो माझ्यापुढं उभा राहिला.

"मामा, ऊठ."

मी बसून राहिलो.

"मामा, गाऱ्हाणं तू घातलंस. सगळ्यांनी व्हय म्हटलंनी. मला हात लागलाय."

पोरं खिडकीच्या लोखंडी चौकटीला टेकून बाहेर बघत होती, एकमेकांना कोपरानं ढोसून पलीकडचं दाखवत होती. आणि मला ती बोटीच्या कठड्याला टेकलेली दिसली. दिसली म्हणजे दिसली, मी काय बनवून सांगत नाही. तीच ती, शंभर वर्षांपूर्वीची, पट्टी हातात धरलेली, कोणासाठी, कशासाठी, ते न विचारता निघालेली. त्यांत माझा आजा कोण हे मी चेहरे बघून शोधू लागलो, कारण फोटो नव्हता, कुठलाही चेहरा त्याचा असू शकत होता.

मी उठलो. भाच्याच्या तोंडावर उजेड आला. पण मी दाराकडं गेलो नाही, मखराच्या फळीकडं गेलो. फळीवर नवरात्राचा नारळ होता, तो उचलला.

"बा देवा म्हाराजा! जी गाठ मी मारली, ती मीच सोडवतोय. आजपास्नं ह्यांच्यातला कुणी कुणाच्या भांडणाचं देणं लागत न्हाय. दोष झाला तर तो माज्या एकट्याच्या डोक्यावर घे. पोरांना मोकळं कर, म्हाराजा!"

माझ्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. गाऱ्हाणं घातलं आणि मागून आवाजच नाही, म्हणजे विहिरीत दगड टाकावा आणि पाणी वाजू नये.

एक गवंडी हळूच म्हणाला, "तात्या, असं सोडवता येतं काय?"

"मला येतं," मी म्हटलं. "मी मारली होती."

भाचा माझ्याकडं बघत होता. "म्हणजे माजा मार फुकट?"

"तू आतडी मारलीस ना त्याच्या तोंडावर? फिटंफाट झाली."

"तू भ्यालास, मामा."

"व्हय. भ्यालो."

त्यानं दारामागची एक पट्टी उचलली आणि बाहेर पडला. दोघं-तिघं त्याच्यामागं निघाले. त्यांच्याआधी मी दारात पोचलो आणि उंबऱ्यावर बसलो, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून. म्हटलं, "मला तुडवून जा." म्हाताऱ्याला तुडवून कुणी गेलं नाही. भाच्याला वाटलं मागून कुणीतरी येतंय. त्यानं मध्यावर एकदा मागं वळून बघितलं. मी उंबऱ्यावर बसलेला त्याला दिसलो.

तिथून तो परत फिरला असता तर हे सांगायची वेळ आली नसती. तो फिरला नाही. माझ्याच रक्ताचा.

मी डोळे मिटले नव्हते, पण नळापलीकडच्या खोलीआड काय झालं ते मला दिसलं नाही. आवाज आला. लाकडाचा आला, मग लोखंडाचा आला, मग माणसाचा. मग फार लवकर सगळं गप्प झालं.

फिटरच त्याला उचलून घेऊन आला. लहान पोराला धरतात तसा दोन्ही हातांवर धरलेला. भाच्याचा उजवा हात कोपराखाली भलत्याच दिशेला वळलेला. फिटर अनवाणी, घामानं निथळत, रडायच्या बेतात.

"मिस्त्री, ह्यो येकटा कसा आला?" तो ओरडला. "मला वाटलं, मागनं तुमी समदी येताय! तीस जण येत्यात म्हणून मी मारला वं! येकट्याला मी असा मारला असता व्हय?"

साहेबाला बोलावलं. त्यानं गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. अर्बाब, म्हणजे कंपनीचा ओमानी मालक, दुसऱ्या दिवशी सकाळी आला, नळापाशी उभा राहिला, दोन्ही खोल्यांकडं बघितलं आणि साहेबाला अरबीत दोन वाक्यं बोलला. साहेबानं आम्हाला सांगितलं, "पोलिसात दिलं तर सगळे जातील. नाही दिलं तर दोघंच जातील. खलास, म्हणतात." पट्ट्या परत साइटवर गेल्या, सळया परत गेल्या. यूपीवाले कामावर गेले, मल्याळ्यांनी गॅसची खोली उघडली. माझ्या तीस माणसांपैकी एकालाही काही झालं नाही, एक सोडून.

कॅम्पात मग मला दोन तऱ्हेची माणसं भेटायची. एक, तात्यानं आम्हाला वाचवलं म्हणणारी. दुसरी, काही न म्हणणारी. दुसऱ्यांच्या नजरेचा मला त्रास झाला नाही, तो पहिल्यांच्या बोलण्याचा झाला. रात्री त्यांचे डबे वाजायचे, हसणं ऐकू यायचं, आणि मला वाटायचं, एकाच्या मोडक्या हातावर जेवतायत. आज्याच्या वेळी सगळ्यांनी शब्द पाळला आणि माझ्या बापाला गवताचा माणूस जाळावा लागला. मी शब्द मोडला, तर भाच्याचं हे असं झालं. मग माणसानं करायचं तरी काय, हे मी समुद्राकडं तोंड करून विचारलं एका शुक्रवारी. तिथं कोण सांगणार?

बहीण आता बोलते माझ्याशी. सुरुवातीला बोलत नव्हती. भाच्याचा हात बरा झाला, पण मनगट पुरतं वळत नाही, टाइलचं काम गेलं. गावात तो मला वाटेत भेटला तर बाजूला होऊन वाट देतो. मी चुकलो असं मी कुणाच्या तोंडावर म्हणणार नाही, देवासमोरही म्हणालो नाही. पण विमानतळावरचं एक राहिलंय, ते सांगतो.

दोघांना एकाच दिवशी, एकाच गाडीनं मस्कतला पाठवलं. मी साहेबाला म्हटलं, मी सोडायला जाणार. गाडीत मी पुढं, ड्रायव्हरशेजारी. मागं भाचा नि फिटर, मधे त्यांच्या बॅगा. मला वाटलं, वाटेत पुन्हा पेटतं की काय. वाटेतलं बरका येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग मला मागून बाटलीच्या झाकणाशी झटापट चालल्याचा आवाज आला. भाच्याला एका हातानं ते उघडता येत नव्हतं. आरशात दिसलं, फिटरनं बाटली घेतली, उघडली, परत त्याच्या हातात दिली.

"प्लास्टर कवा काडायचं म्हनला डाक्टर?"

"दिवाळीनंतर."

"माजा मेवणा हाय साताऱ्याला, हाडाच्या दवाखान्यात. कंपौंडर हाय, पर डाक्टर त्येचं ऐकतो. येशील?"

"साताऱ्याला येऊ? तिथं तुजी सगळी आण घेतलेली माणसं असतील."

"आता कसली आण? बायकू दारात घेती का नाय, त्येची वाट बघतोय."

भाचा हसला. नंतर म्हणाला, "माजा टोप चेपलास तू."

"तू माज्या तोंडावर काय मारलंस ते इसरलास व्हय?"

दोघं हसत होते. मी पुढच्या काचेतून सरळ रस्ता बघत बसलो. मागं वळून आपणही हसावं असं वाटलं, पण मला त्यात जागा नव्हती.

विमानतळावर आत सोडत नाहीत. बाहेरच्या दारापाशी ड्रायव्हरनं बॅगा उतरवल्या. फिटर ट्रॉली आणायला गेला. तेवढा वेळ भाचा नि मी दोघंच उभे होतो. मी त्याची कॉलर नीट केली. त्यानं करू दिली.

मग तो म्हणाला, "मामा, बाकीचे नसते आले तरी चाललं असतं. तू आला असतास तर."

मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की मी एकटा कसा येऊ, मी उठलो असतो तर ते तीसही उठले असते, ते माझ्यामागंच यायला बसले होते. हे तेव्हाही खरं होतं, आजही खरं आहे. पण दुसरंही एक खरं होतं. त्या दुपारी खाटेवर बसून मी तीस जणांचा विचार केला, बोटीतल्यांचा केला, मेलेल्या आज्याचा केला. नुसता मामा म्हणून त्याच्याबरोबर नळापर्यंत चालत जावं आणि त्याच्याशेजारी उभं राहून फिटरशी बोलावं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळे किंवा कुणीच नाही, एवढंच आलं होतं.

फिटर ट्रॉली घेऊन आला. "चल रं, गर्दी हाय आत." मला वाकून म्हणाला, "येतो, मिस्त्री. चुकलं-माकलं पोटात घाला."

दारातल्या पोलिसाला पासपोर्ट नि तिकीट एकदम दाखवायचं होतं. भाच्याला एका हातानं ते जमेना, तिकीट खाली पडलं. मी पुढं झालो. पोलिसानं हात आडवा केला आणि मला मागं उभं राहायला सांगितलं. फिटरनं तिकीट उचललं, भाच्याच्या पासपोर्टाबरोबर धरून दाखवलं, आणि दोघं आत गेले.

काचेतून ते लांबपर्यंत दिसत होते. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, "यल्ला, काका." मी तिथंच उभा राहिलो. भाचा आता मागं वळेल, मग वळेल, म्हणून. तो वळला नाही.